प्लेन्स, जॉर्जिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटात राहायला आल्यापासून पाहुण्यांना प्लेन्सला, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले जिमी कार्टर यांच्या गावाला, नेणं हे माझं ठरलेलं काम झालं आहे. नेऊन आणलं की ते पाहुणे आपल्या मावसभावाला सांगतात आणि मग मावसभावाचा निरोप येतो, "एक विचारायचं होतं." प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लेन्स नक्की कुठे आहे? 'ग्रेट प्लेन्स' म्हणतात तेच का?

नाही. ग्रेट प्लेन्स म्हणजे अमेरिकेच्या मधल्या भागातली अफाट गवताळ मैदानं. हे प्लेन्स जॉर्जिया राज्याच्या नैऋत्य भागात, सम्टर काउंटीत आहे. अटलांटाहून गाडीने साधारण अडीच तास लागतात. जवळचं मोठं गाव अमेरिकस, तिथून पश्चिमेला १६ किलोमीटर. काउंटीची कचेरी, दवाखाने, मोठी दुकानं सगळं अमेरिकसला. आपल्याकडे तालुक्याला जावं लागतं, तसंच.

२. याला शहर म्हणायचं की खेडं?

कागदावर 'सिटी ऑफ प्लेन्स'. जॉर्जियात टाउन आणि सिटी यांत कायद्याने फरक नाही, त्यामुळे पाचशे-सहाशे माणसांच्या वस्तीलाही सिटी म्हणता येतं. २०२० च्या जनगणनेत इथे ५७३ लोक होते. आपल्या हिशोबाने ही एक वाडीच. साधारण निम्मे लोक कृष्णवर्णीय आहेत. मुख्य रस्त्यावर विटांच्या जुन्या दुकानांची एकच रांग आहे आणि समोरून रेल्वेचे रूळ जातात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला, मध्ये थांबून आइस्क्रीम खाल्लं तरी, दहा मिनिटं लागतात.

३. नाव कसं पडलं? तिथे काय मैदानं आहेत?

जमीन सपाटच आहे, पण नाव बायबलमधून आलं. दानिएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजा दूराच्या मैदानात सोन्याची मूर्ती उभारतो. त्यावरून वस्तीचं नाव 'प्लेन्स ऑफ ड्यूरा' पडलं. जवळच मॅग्नोलिया स्प्रिंग्ज आणि लेबनन अशा आणखी दोन वस्त्या होत्या. १८८० च्या दशकात रेल्वे आली ती या वस्त्यांच्या थोडी बाजूने, मग माणसंच रुळांकडे सरकली. नावातलं 'ड्यूरा' गळालं आणि १८९६ मध्ये 'प्लेन्स' अधिकृत झालं. गाव रुळांच्या कडेने वसलं, ते आजही तसंच दिसतं.

४. त्याआधी ही जमीन कोणाची होती?

मस्कोगी लोकांची. गोरे त्यांना क्रीक म्हणत. १८२५ मध्ये एका गटाने इंडियन स्प्रिंग्जचा करार करून जॉर्जियातली जमीन लिहून दिली. त्यावर सही करणाऱ्या विल्यम मॅकिंटॉशला स्वतःच्या राष्ट्राच्या परिषदेने देहदंड दिला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये दुसरा करार झाला आणि जमीन गेली ती गेलीच. १८२७ मध्ये राज्याने तिचे तुकडे पाडले आणि चक्क सोडत काढून गोऱ्या कुटुंबांना वाटले. मस्कोगी राष्ट्राचं मुख्य ठाणं आज ओक्लाहोमात आहे. इथे उरली ती ओढ्यानाल्यांची नावं. कार्टर ज्या किंचाफूनी ओढ्याचं नाव घेत, ते त्यांच्याच भाषेतलं.

५. माती आणि हवा कशी असते? कधी यावं?

तांबडी माती, वर रेताड थर. कोकणातून आलेल्या माणसाला पहिल्या नजरेत ओळखीची वाटते. उन्हाळा दमट आणि जीवघेणा. त्यात भर म्हणून चिलटं. जॉर्जियाच्या मधून एक रेषा जाते, तिच्या दक्षिणेला चिलटंच चिलटं आणि उत्तरेला नाहीत, असं इथले लोक सांगतात. प्लेन्स त्या रेषेच्या दक्षिणेला. स्थानिक माणूस बोलता बोलता खालचा ओठ पुढे काढून वर फुंकर मारताना दिसला तर तो तुमच्यावर वैतागलेला नाही, डोळ्यांपुढची चिलटं उडवतो आहे. भुईमुगाची काढणी बघायची तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. सप्टेंबरच्या शेवटी भुईमुगाचा उत्सवही असतो.

६. भुईमूग आपल्यासारखाच असतो का?

पीक तेच. फुलं वर, आऱ्या जमिनीत, शेंगा खाली. इथे बहुतेक 'रनर' जात लावतात, आपल्या पसऱ्या-निमपसऱ्या वाणाच्या जातकुळीतली. फरक आहे तो काढणीत. आपल्याकडे वेल उपटून बायका ओळीने बसून शेंगा तोडतात. इथे यंत्र झाड मुळासकट उचलतं, माती झटकतं आणि उलटं टाकतं. पाला खाली, शेंगा आकाशाकडे. दोन-तीन दिवस तशाच वाळल्या की दुसरं यंत्र येऊन शेंगा वेगळ्या करतं. उलट्या वेलांच्या त्या तांबूस रांगा क्षितिजापर्यंत गेलेल्या असतात. माझे सासरे सांगली जिल्ह्यातले. ते शेताच्या कडेला गाडी थांबवायला लावून दहा मिनिटं नुसते बघत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मजूर कुठंच दिसंना."

अमेरिकेच्या एकूण भुईमुगापैकी जवळजवळ निम्मा एकट्या जॉर्जियात पिकतो. मूळ दक्षिण अमेरिकेचं हे पीक गुलामांच्या व्यापाराबरोबर आफ्रिकेच्या वाटेने इथे रुजलं. शेंगेला इथे 'गूबर' असंही म्हणतात, तो शब्द आफ्रिकेतल्या 'न्गुबा'वरून आला.

७. मग पूर्वी इथे कापूस नव्हता का?

होता, आणि तोच राजा होता. १९१५ च्या सुमारास बोंड पोखरणारा भुंगा जॉर्जियात पोचला आणि कापसाची सद्दी मोडायला लागली. (ही आपली बोंडअळी नव्हे. आपली अळी पतंगाची, हा सोंडेचा भुंगा.) कार्टरांच्या लहानपणी कापूस होता आणि त्या भुंग्यावर औषध म्हणून पाणी, काकवी आणि चक्क आर्सेनिक असं मिश्रण फडक्याने एकेका झाडाच्या शेंड्याला लावायचं, हे काम पोरांकडे असे. दिवसभरात विजार काकवीने इतकी कडक व्हायची की रात्री काढून ठेवली तर आपल्या पायांवर उभी राहायची, असं कार्टरांनी लिहून ठेवलं आहे.

८. भुईमूगवाले कार्व्हर आणि भुईमूगवाले कार्टर यांचं नातं काय?

काहीही नाही. पण मराठी माणसांकडून येणाऱ्या प्रश्नांत हा कायम पहिल्या तीनात. कारण उघड आहे: कार्व्हर आपल्या घराघरांत पोचलेले आहेत, कार्टर नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. शेजारच्या अलाबामा राज्यात टस्कीगीला ते १८९६ मध्ये आले आणि १९४३ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. जिमी कार्टर हे प्लेन्सचे गोरे शेतकरी, पुढे राष्ट्राध्यक्ष. जाता जाता: पीनट बटरचा शोध दोघांपैकी कोणीही लावलेला नाही.

९. जिमी कार्टर प्लेन्सचे की आर्चरीचे?

दोन्हींचे. जन्म १ ऑक्टोबर १९२४, प्लेन्सच्या वाइज रुग्णालयात. आई लिलियन तिथेच परिचारिका होत्या. रुग्णालयात जन्मलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष, आधीचे सगळे घरी जन्मले. १९२८ मध्ये कुटुंब गावाच्या पश्चिमेला चारेक किलोमीटरवर, आर्चरीच्या शेतावर राहायला गेलं. त्याच्या आदल्या वर्षी प्लेन्समध्ये शेजारी स्मिथांच्या घरी मुलगी झाली आणि लिलियनबाई तीन वर्षांच्या जिमीला बाळ दाखवायला घेऊन गेल्या. ते बाळ म्हणजे रोझलिन. ७ जुलै १९४६ रोजी दोघांचं लग्न गावच्याच मेथडिस्ट चर्चमध्ये झालं.

शेतावरचं घर आता बघता येतं. १९३५ मध्ये पवनचक्की बसेपर्यंत नळाचं पाणी नव्हतं, १९३८ पर्यंत वीज नव्हती. पाच-सहा वर्षांचा जिमी शेंगा उकडून, पुड्या बांधून, रुळांच्या कडेने चालत प्लेन्सला जायचा आणि पाच सेंटला पुडी विकायचा.

१०. आर्चरीत आणखी कोण राहायचं?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. माझ्या मते मात्र तिथे जायचं खरं कारण याच उत्तरात आहे.

आर्चरीत कार्टरांच्या आसपासची जवळजवळ सगळी घरं कृष्णवर्णीयांची होती. कोणी रोजंदारीवर, कोणी वाट्याने जमीन करणारं. घराला लागूनच वडील अर्ल कार्टरांचं दुकान होतं, तिथे पीठ, मीठ, तंबाखू, कपडे उधारीवर मिळायचे आणि हंगामानंतर हिशोब व्हायचा. सावकारी बघितलेल्या माणसाला त्या दुकानाचा फळ्यांचा काउंटर पाहून वेगळं काही सांगावं लागत नाही.

जॅक क्लार्क आणि रेचल क्लार्क हे जोडपं शेतावरच राहायचं, त्यांचं लहानसं घर आजही तिथे आहे. पहाटे चारला शेतावरची घंटा वाजवून सगळ्यांना उठवायचं काम जॅककडे. रेचल कापूस वेचण्यात भल्याभल्यांच्या पुढे. छोट्या जिमीला मासे धरायला शिकवलं ते तिने. आईवडील नसताना तो झोपायलाही त्यांच्याच घरी जायचा.

आणि तिथेच राहायचे बिशप विल्यम जॉन्सन, आफ्रिकन मेथडिस्ट चर्चचे मोठे धर्माधिकारी. त्यांनी आर्चरीत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा चालवली. गोऱ्याच्या घरी कृष्णवर्णीयाने मागच्या दाराने यायचं हा रिवाज. बिशपना ते मान्य नव्हतं, आणि पुढच्या दाराने गेले तर अर्ल कार्टरांना चालणार नव्हतं. यावर तोडगा असा निघाला की बिशपची मोटार अंगणात येऊन उभी राहायची, चालक हॉर्न वाजवायचा आणि अर्ल बाहेर येऊन झाडाखाली बोलायचे. दार कोणतं, हा प्रश्नच येऊ द्यायचा नाही. बिशपचा मुलगा आल्व्हन हार्वर्डला शिकत होता. तो मात्र सुट्टीत आला की सरळ पुढच्या दाराशी यायचा. लिलियनबाई त्याला आत घेऊन गप्पा मारायच्या आणि अर्ल तेवढ्या वेळापुरते घराबाहेर पडायचे.

एक प्रसंग तर त्या खिडकीसमोर उभं राहूनच ऐकावा. जून १९३८, कृष्णवर्णीय अमेरिकी जो लुई विरुद्ध जर्मनीचा श्मेलिंग ही मुष्टियुद्धाची लढत. शेजारच्या कृष्णवर्णीयांनी अर्लना विचारलं, रेडिओ ऐकू का? अर्लनी बॅटरीवरचा रेडिओ खिडकीत ठेवला, माणसं बाहेर झाडाखाली बसली. जो लुईने पहिल्याच फेरीत जर्मन मल्लाला लोळवलं. बाहेर एक आवाज नाही. माणसं उठली, "थँक यू, मिस्टर अर्ल" म्हणाली, रस्ता ओलांडून, रूळ ओलांडून आपल्या घरात गेली, दार लावलं. आणि मग जो जल्लोष सुरू झाला तो रात्रभर चालला.

११. म्हणजे कार्टर कुटुंब वर्णभेद मानायचं की नाही?

एका शब्दात उत्तर नाही. वडील त्या काळच्या गोऱ्या जमीनदारासारखेच, आई वेगळी (वरचा प्रश्न १० पाहा). जिमी स्वतः १९५० च्या दशकात वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल'मध्ये सामील व्हायला नाही म्हणाले आणि त्यांच्या गोदामावर काही काळ बहिष्कार पडला. १९६५ मध्ये गावच्या बॅप्टिस्ट चर्चने कृष्णवर्णीयांना आत न घेण्याचा ठराव केला, तेव्हा विरोधात मतं पडली ती मोजकी, आणि ती बहुतेक कार्टरांच्याच घरातली. पण हेही खरं की १९५५ ते १९६२ ते शाळा मंडळावर होते आणि त्या काळात काउंटीतल्या गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एकत्र झाल्या नाहीत. गव्हर्नर झाल्यावर १९७१ मध्ये शपथविधीच्याच भाषणात त्यांनी वर्णभेदाचे दिवस संपल्याचं सांगितलं. तोपर्यंतचा त्यांचा प्रवास जपून जपून टाकलेल्या पावलांचा आहे. भक्तिभावाने आलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण तिथल्या संग्रहालयात ते लपवलेलं नाही.

१२. एवढ्याशा गावात इतकी चर्च का?

त्यातल्या एकाची हकिकत सांगतो. १९७६ ची निवडणूक दोन दिवसांवर आली असताना शेजारच्या ऑल्बनीचे कृष्णवर्णीय पाद्री क्लेनन किंग सभासद व्हायला प्लेन्स बॅप्टिस्ट चर्चच्या दारात आले. चर्चने त्या दिवशीची उपासनाच रद्द केली. नंतर मंडळींनी दार उघडायचं ठरवलं, पण आतली फूट बुजली नाही आणि १९७७ मध्ये एक गट बाहेर पडला. तेच मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्च. अध्यक्षपदावरून परतल्यावर कार्टर तिथले सभासद झाले आणि २०१९ पर्यंत रविवारचा बायबलचा वर्ग घेत राहिले. जागा मिळावी म्हणून लोक अंधारातच येऊन रांग लावायचे.

१३. रेल्वे स्टेशनातून अध्यक्षपदाची निवडणूक लढवली, ही दंतकथा आहे का?

खरी गोष्ट आहे. १८८८ चं ते लाकडी स्टेशन प्रवासी गाड्या बंद झाल्यामुळे रिकामं पडलं होतं. गावात मोकळी आणि संडासाची सोय असलेली तेवढीच जागा, म्हणून ती निवडली. लिलियनबाई फलाटावर झुलत्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. जिंकल्यावर गावकरी 'पीनट स्पेशल' आगगाडीने शपथविधीला वॉशिंग्टनला गेले.

१४. भावाचा पेट्रोल पंप म्हणजे?

धाकटे बंधू बिली. गावातला त्यांचा पंप म्हणजे १९७६ साली पत्रकारांचा पार होता. बातमी इथे, बिअरही इथे. बिली त्याच वर्षी नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि पडले. पंप आता संग्रहालय आहे.

१५. अध्यक्षपदानंतर कार्टर गावात का परतले? इतरांसारखे मोठ्या शहरात का नाही राहिले?

परतायची त्यांची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा १९५३ मध्ये, वडील वारल्यावर, नौदल सोडून आले. रोझलिनबाईंना ते अजिबात आवडलं नव्हतं. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. तेव्हा ते गावातल्या सरकारी घरकुलात राहत होते. १९८१ मध्ये आले तर दुसऱ्यांच्या हाती सोपवलेला भुईमुगाचा धंदा दहा लाख डॉलरच्या आसपास कर्जात होता, तो विकावा लागला. घर मात्र १९६१ मध्ये बांधलेलं, बैठंच, ते शेवटपर्यंत तेच राहिलं.

१६. कार्टरांच्या आई मुंबईत होत्या, हे खरं का?

अगदी खरं. मराठी वाचकाने प्लेन्समध्ये अडखळून थांबावं असं हेच एक ठिकाण. लिलियन कार्टर ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतर्फे भारतात आल्या आणि १९६६ ते १९६८ विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत राहून काम केलं. आधी कुटुंबनियोजनाच्या प्रचारात, मग दवाखान्यात. कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली. दक्षिणेतल्या जमीनदाराची विधवा, उतारवयात, विक्रोळीच्या दवाखान्यात रांगेतल्या बायकांना हाताने खुणा करून समजावते आहे! मुलाच्या कारकिर्दीपेक्षा मला हे चित्र जास्त भावतं. १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले, तेव्हा अंत्यसंस्काराला अमेरिकेतर्फे त्याच आल्या होत्या.

१७. कार्टरपुरी म्हणजे विक्रोळीच ना?

नव्हे. कार्टरपुरी हरियाणात, गुडगावजवळ. ३ जानेवारी १९७८ रोजी कार्टर त्या गावात गेले आणि नंतर गावाचं नाव बदललं. महाराष्ट्राशी त्यांचा स्वतःचा संबंध आला तो २००६ मध्ये. लोणावळ्याजवळ मळवलीला 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या १०० घरांच्या बांधकामावर ते हातोडा घेऊन आले होते. या संस्थेचा जन्मही प्लेन्सच्या शेजारचाच (प्रश्न १८).

१८. आजूबाजूला आणखी काय आहे?

अमेरिकसजवळ कोइनोनिया फार्म आहे. १९४२ मध्ये क्लॅरन्स जॉर्डन आणि साथीदारांनी गोरे-काळे एकत्र राहतील असा आश्रम इथे काढला. १९५० च्या दशकात त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, बॉम्ब पडले, बाजारपेठेने माल देणं-घेणं बंद केलं. मग त्यांनी पेकान (अक्रोडासारखा सुका मेवा) टपालाने विकायला सुरुवात केली. त्यांच्या घरबांधणीच्या कल्पनेतूनच १९७६ मध्ये हॅबिटॅट उभी राहिली. ईशान्येला अँडरसनव्हिल: यादवी युद्धातला कैद्यांचा तळ, १८६४-६५ मध्ये सुमारे ४५,००० कैदी, त्यातले जवळजवळ १३,००० मेले. लहान मुलांना घेऊन एकाच दिवशी दोन्ही करू नका.

१९. एका दिवसात काय बघावं? तिकीट किती?

तिकीट नाही. शाळा, स्टेशन आणि आर्चरीचं शेत राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. सुरुवात जुन्या शाळेपासून करा. १९२१ ते १९७९ चालली, आता तिथे संग्रहालय आहे. मुख्याध्यापिका जुलिया कोलमन यांचं वाक्य कार्टरांनी अध्यक्ष म्हणून पहिल्या भाषणात आणि नोबेल घेतानाही उद्धृत केलं. मग स्टेशन, मुख्य रस्ता, शेवटी आर्चरी. कॉर्डील गावाहून एक पर्यटन रेल्वेही ठरावीक दिवशी इथे येते. रविवारी दुकानांवर विसंबू नका. मी एकदा अकरा माणसं घेऊन रविवारी पोचलो आणि सगळ्यांनी गाडीतला चिवडा खाल्ला.

२०. शाकाहारी माणसाने काय खावं?

उकडलेल्या शेंगा, शेंगदाण्याचं आइस्क्रीम, तळलेले दाणे. पालेभाजी आणि घेवडा दिसतो शाकाहारी, पण दक्षिणेत त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस किंवा चरबी असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. शेंगांचं एखादं पातेलंही मांस घालून उकडलेलं असू शकतं. साध्या मिठाच्या मागा. माझ्या आईचा अभिप्राय: "शेंगा कोवळ्या आहेत, पण आपल्याइतक्या गोड नाहीत." तरी दोन पिशव्या संपल्या.

२१. कार्टरांचं घर आणि समाधी बघता येते का?

रोझलिन कार्टर १९ नोव्हेंबर २०२३ ला गेल्या, जिमी २९ डिसेंबर २०२४ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी, दोघंही त्याच घरात. दफनही घराच्या आवारात, शेजारी शेजारी. हयातीत हा परिसर पहाऱ्यात होता. त्यांनी तो उद्यान सेवेला देऊन ठेवला आहे. त्या दिवशी काय उघडं आहे ते शाळेतल्या केंद्रावर विचारून मगच तिकडे वळा. ४ जानेवारी २०२५ ला अंत्ययात्रा आर्चरीच्या शेतासमोर थांबली आणि उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी शेतावरची घंटा ३९ वेळा वाजवली, ३९ व्या अध्यक्षांसाठी. पहाटे चारला जॅक क्लार्क वाजवायचा ती घंटा कोणती, असं विचारलंत तर प्रश्न १० कडे परत जावं लागेल.

२२. आता गाव कशावर चालतं?

भुईमूग, कापूस, थोडे पर्यटक. कार्टरांच्या दहा एकरांवर २०१७ मध्ये सौर पॅनेल बसले, गावाच्या निम्म्याहून अधिक विजेची सोय त्यातून व्हावी असा हिशोब होता. तरुण मुलं कामाला अमेरिकस, ऑल्बनी, अटलांटाला जातात. गाडी चालवताना समोरचा अनोळखी माणूस स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो. तुम्हीही उचला.

२३. अध्यक्षांचा पुतळा कुठे आहे? फोटो काढायचा आहे.

सगळे ज्याच्यापुढे फोटो काढतात तो पुतळा शेंगेचा आहे. मॅरानाथा चर्चच्या वाटेवर, एका दुकानाच्या बाजूला, १३ फूट उंच, कार्टरांसारखे सगळे दात दाखवून हसणारी. १९७६ च्या प्रचारात इंडियानातल्या समर्थकांनी बनवली आणि नंतर ती इथे येऊन स्थिरावली. दुपारनंतर जा, सकाळी ऊन डोळ्यांत येतं.